फजितीची वही

माझ्या एका मैत्रिणीला जुन्या किल्ल्या जपून ठेवण्याचा नाद आहे. कुलूप केव्हाच मोडीत गेलेले असते, दाराचा ठावठिकाणा नसतो, एखाद्या वेळी ते घरच पाडून तिथे उंच इमारत झालेली असते. पण किल्ली मात्र तिच्या जुडग्यात शाबूत असते. या वेडावरून मी तिला पुष्कळ हसले आहे. परंतु परवा दिवाळीची आवराआवर करता करता मी माळ्यावरून उतरले आणि त्याच झपाट्यात संगणकही झाडून घ्यावा म्हणून बसले, तेव्हा तिला हसण्याचा मला काही एक अधिकार नाही असे दिसून आले. माझ्यापाशीही असाच एक जुडगा निघाला. चांगला त्रेसष्ट किल्ल्यांचा!

थोडे विस्ताराने सांगायला हवे. गेली सत्तावीस वर्षे संगणकाचे प्रोग्राम लिहिणे हा माझा धंदा आहे. हे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीतरी भव्य उभे राहते. बँकांचे व्यवहार, आगगाड्यांची आरक्षणे, आकाशातले उपग्रह! त्यांची निराशा होऊ नये म्हणून मीही गप्प बसते. पण गवंड्याचा निम्मा दिवस जसा विटा हलवण्यात, वाळू चाळण्यात आणि भिंतीवर पाणी मारण्यात जातो, तसाच आमचाही जातो. हा शब्द कोणकोणत्या फाइलींत आहे? या तीनशे फाइलींची नावे कशी बदलू? काल चालणारी गोष्ट आज का अडली. मध्ये कोणती ओळ बदलली? असल्या बारीकसारीक कामांसाठी आमच्यातला प्रत्येक जण काही छोट्या आज्ञा जवळ बाळगून असतो. त्या आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवल्या की त्या लिखाणाला आम्ही स्क्रिप्ट म्हणतो. मुलाला वाण्याकडे पाठवताना आपण हातात यादी देतो ना, तसलीच ही यादी. मुलाला घोकत जावे लागत नाही आणि आपल्यालाही दर महिन्याला नव्याने आठवत बसावे लागत नाही.

या याद्या ठेवण्याच्या जागेला रिवाजाने ‘बिन’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘बायनरी’ या शब्दाचे ते तोडलेले रूप आहे. पण मराठी कानाला त्यात ‘बिनबोभाट’मधला ‘बिन’ ऐकू येतो आणि मला तोच अर्थ अधिक पटतो. तिथली मंडळी खरोखरच बिनबोभाट कामे करतात. एक स्क्रिप्ट घरातल्या छायाचित्रांना नावे देते. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. अशी नावे दिली की नुसत्या अक्षरक्रमाने लावली तरी छायाचित्रे आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. दुसरी स्क्रिप्ट आकड्यांपुढे शून्ये मांडते, कारण नुसती नावे लावायला सांगितली तर संगणक एकनंतर दहा घेतो आणि दोनला मागे ठेवतो; तो आकड्याची किंमत पाहत नाही, पहिले अक्षर पाहतो. तिसरीचे नाव मी ‘निघताना’ असे ठेवले आहे. घराबाहेर पडण्यापूर्वी गॅस बंद आहे ना, नळ नीट मिटला आहे ना, हे आपण पाहतो. तशी ही स्क्रिप्ट काम दुसऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी त्यात माझ्या तात्पुरत्या, कच्च्या ओळी राहून गेल्या नाहीत ना, हे हुडकते.

मूळ आज्ञांची नावे मोठी चमत्कारिक आहेत. यादी दाखव म्हणायचे असेल तर ‘एल-एस’, हलव म्हणायचे तर ‘एम-व्ही’, काढून टाक म्हणायचे तर ‘आर-एम’. ‘राजमान्य राजश्री’चे जसे ‘रा. रा.’ झाले, तसाच हा प्रकार. १९६९ साली अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या बेल प्रयोगशाळेत, केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली उभारायला घेतली. त्या काळी माणसाची आणि यंत्राची बोलणी पुष्कळदा टेलिटाइप नावाच्या खडखडणाऱ्या टंकयंत्रावर चालत आणि ते सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापी. अशा यंत्रापुढे बसलेला माणूस मितभाषी होणारच! यंत्रे पुढे वेगवान झाली, पण तोडकी नावे तशीच राहिली. घाईत बोटे चुकून ‘एल-एस’चे ‘एस-एल’ होते, याचा अनुभव आम्हा सर्वांना आहे. तोयोदा मासाशी या जपानी गृहस्थाने त्यावर नामी तोड काढली. त्याने ‘एस-एल’ नावाचाच एक प्रोग्राम लिहिला. चुकून तसे टंकले की पडद्यावरून धूर सोडीत एक आगगाडी निघते आणि ती पूर्ण निघून जाईपर्यंत मुकाट्याने पाहत बसावे लागते. चुकीची इतकी गोड शिक्षा मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. माझ्या वाट्याला आलेली शिक्षा इतकी गोड नव्हती. पण ती सांगण्यापूर्वी अण्णांची ओळख करून द्यायला हवी.

अण्णा म्हणजे माझे वडील. १९५८ पासून १९९६ पर्यंत सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांतून त्यांनी मास्तरकी केली. ज्या गावी बदली होई, त्या गावचे शब्द ते गोळा करीत. मोट गेली, तिच्याबरोबर नाडा गेला, सोंदूर गेला, पाणी पडायचे थारोळे गेले. निदान नावे तरी राहू द्यावीत, एवढीच त्यांची इच्छा. रुमणे, शिवळ, चाडे असा एकेक शब्द, त्याचा अर्थ, तो कुणाच्या तोंडून ऐकला आणि कोणत्या गावी, हे सारे ते पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहीत. चपलांच्या खोक्यांत भरलेली अशी साडेचार हजारांवर कार्डे घेऊन ते आणि आई पुण्याला माझ्याकडे राहायला आले. मग मी रोज रात्री जेवणानंतर ती संगणकावर उतरवायला घेतली. अण्णा वाचीत, मी टंकत असे. प्रत्येक शब्दाची एक फाइल.

एकदा अण्णांनी विचारले, “कोणत्या गावाने किती शब्द दिले, हे सांगेल का गं तुझं यंत्र?”

मी एका ओळीत चार आज्ञा लिहिल्या. पहिलीने प्रत्येक फाइलीतून गावाचे नाव तेवढे उचलले, दुसरीने ती नावे क्रमाने लावली, तिसरीने शेजारी शेजारी आलेली सारखी नावे मोजली आणि चौथीने मोठा आकडा वर आणला. दर दोन आज्ञांमध्ये एक उभी रेघ. तीवर बोट ठेवून अण्णा म्हणाले, “हा तर आपला दंड!”

दंडच तो, पण आपल्याकडे श्लोकात दंड आला की ओळ थांबते, आणि इथे दंड आला की एकीचे काम पुढचीच्या हाती जाते. याची कल्पना डग मॅकिलरॉय या गणितज्ञाची. बागेतल्या रबरी नळीला जसा दुसरा तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असे टिपण त्यांनी १९६४ सालीच लिहून ठेवले होते. १९७३ साली टॉम्सन यांनी एका रात्रीत ती सोय युनिक्समध्ये करून दिली. पुढे १९८६ साली मोठी मौज झाली. एखाद्या मजकुरात कोणते शब्द जास्तीत जास्त वेळा येतात ते काढावे, असा प्रश्न जॉन बेंटली यांनी आपल्या सदरासाठी डोनाल्ड कनूथ या थोर पंडिताला घातला. प्रोग्राम निबंधासारखा वाचनीय कसा लिहावा हे कनूथ यांना दाखवायचे होते. त्यांनी दहा पानांहून मोठा, अतिशय देखणा प्रोग्राम लिहिला. त्यावर अभिप्राय देताना मॅकिलरॉय यांनी त्याची मनापासून वाखाणणी केली आणि मग तेच काम सहा छोट्या आज्ञा जोडून करून दाखवले. मी ही गोष्ट सांगितली तेव्हा अण्णांनी मास्तरी निकाल दिला: “एकानं निबंध लिहिला, दुसऱ्यानं सारांश. पेपर वेगळे आहेत. दोघेही पास.”

आमच्या गावांची यादी मात्र पास झाली नाही. अण्णांनी पूर्वी हाताने मोजदाद केली होती. त्यांच्या वहीत ओझर्ड्याचे शब्द दोनशे चौदा होते आणि संगणक दोनशे बारा म्हणत होता. अण्णा चुकले असतील असे मी धरून चालले होते. शोधता शोधता यादीच्या तळाशी आणखी एक ओझर्डे सापडले, दोन शब्दांचे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले; त्याच्या आधी लिहिलेल्या दोन कार्डांवर ‘ओझर्डें’ असा शेवटी अनुस्वार होता आणि कार्डावर आहे तस्सेच उतरवायचे, असा अण्णांचा दंडक होता. संगणकाच्या लेखी त्या टिंबाने दुसरे गाव वसवले होते! आपण लिहितो तेच तो वाचतो, आपल्या मनात काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही, हे मला तेव्हाच उमजायला हवे होते. पण मी ती गंमत म्हणून सोडून दिली.

२००९ साल. दिवाळी आठवड्यावर आली होती. घरात चिवड्याचा खमंग वास भरला होता. एकोणतीसशे शब्द उतरवून झाले होते. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि अण्णा आतल्या खोलीत निजले होते. टंकताना मागे राहणाऱ्या तात्पुरत्या फाइलींचा कचरा साठला होता. त्यांच्या नावाच्या शेवटी ‘टीएमपी’ अशी अक्षरे असतात. तो काढून टाकावा म्हणून मी आज्ञा लिहिली. अशा वेळी एक चांदणी काढतात. चांदणीचा अर्थ ‘कोणतेही’. चांदणीला चिकटून ‘टीएमपी’ लिहिले की अर्थ होतो, ज्याच्या शेवटी टीएमपी आहे असे कोणतेही. माझ्या झोपाळू बोटांनी त्या दोहोंच्या मध्ये एक मोकळी जागा सोडली. आता अर्थ झाला, कोणतेही. आणि शिवाय टीएमपी नावाचे एक.

ध चा मा करायला आनंदीबाईला निदान एक अक्षर तरी बदलावे लागले, असे आख्यायिका सांगते. मला तेवढेही करावे लागले नाही. काहीही न लिहिता मी सगळ्यांचा निकाल लावला.

यंत्राने काय उत्तर द्यावे? टीएमपी नावाची फाइल सापडली नाही, अशी तक्रार त्याने केली. बाकीच्या एकोणतीसशेंविषयी अवाक्षर नाही. सगळी होडी बुडवून नावाड्याने ‘एक पिशवी कुठे दिसत नाही बुवा’ म्हणावे, तसे हे झाले. मी ‘एल-एस’ लिहून पाहिले. पडदा कोरा. या आज्ञेला पश्चात्तापाची सोय नाही. ती केराच्या टोपलीत काही टाकत नाही, थेट पुसते.

माझे हात गार पडले. मग एकदम आठवले, ‘रात्रपाळी’! ही माझी एक जुनी स्क्रिप्ट. घरातला संगणक रात्रभर चालू असे आणि आई त्या विजेवरून रोज बोलत असे. त्या वेळी ही स्क्रिप्ट सगळ्या फाइलींची दुसऱ्या डिस्कवर नक्कल करी. ठरलेल्या वेळी आज्ञा सोडणारा संगणकातला कारभारी म्हणजे ‘क्रॉन’. ग्रीक भाषेतल्या काळवाचक ‘क्रोनोस’वरून हे नाव आले. आपल्या पंचांगाची जशी पाच अंगे, तशी त्याच्या ओळीचीही पाचच: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. माझ्या ओळीत रात्रीचे दोन लिहिले होते. म्हणजे आदल्या रात्रीपर्यंतचे सर्व शब्द सुखरूप होते. मी सुस्कारा सोडला, आणि तो अर्ध्यावरच अडला. नक्कल मूळ प्रतीबरहुकूम राहावी म्हणून मीच मोठ्या हौसेने त्या स्क्रिप्टमध्ये लिहिले होते: मूळ जागी जे नाही, ते नकलेतूनही काढून टाक.

पावणेबारा झाले होते. मी झोपायला गेले असते, तर दोन वाजता माझ्या विश्वासू नोकराने अण्णांची पन्नास वर्षे उरल्यासुरल्या जागेवरूनही पुसून टाकली असती. आणि तेही माझ्याच हुकमाने.

मी क्रॉनची ओळ उघडली आणि तिच्या आरंभी, फुल्यागोळ्यांच्या खेळात आखतो तशी, चार रेघांची बारीक खूण घातली. ही खूण घातली की त्या ओळीची आज्ञा राहत नाही. ती माणसांसाठी लिहिलेली टीप होते आणि यंत्र तिच्यावरून पुढे निघून जाते. मग नकलेतून सर्व फाइली परत आणल्या. त्या दिवशी संध्याकाळी उतरवलेले अडतीस शब्द तेवढे गेले, कारण ते नकलेत पोचलेच नव्हते.

सकाळी चहाच्या वेळी मी अण्णांना सगळे सांगितले. ते रागावतील तर बरे, असे वाटत होते. ते काही बोलले नाहीत. उठले, पलंगाखालचे खोके ओढले आणि रबरबँड लावलेला एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. कालची अडतीस कार्डे. उतरवून झालेली कार्डे रद्दीत देऊन टाका, घरात जागा नाही, असे मी त्यांना किती वेळा म्हटले होते! त्यांनी एकही दिले नव्हते.

“अडतीस वर्षं शिकवलं,” ते म्हणाले, “पण मुलांनी वहीत उतरवून घेतलंय का, हे पाहिल्याशिवाय मी कधी फळा पुसला नाही.”

नंतर त्यांनी ती चार रेघांची खूण काय आहे ते समजून घेतले. यंत्र वाचत नाही, माणूस वाचतो, हे ऐकून ते खूश झाले. “म्हणजे समासातली टीप! मग लिही तिथं. तारीख घाल आणि काय चुकलं ते लिही. लाजू नको. चूक वहीत राहिली म्हणजे हातात राहत नाही.”

त्या दिवाळीत फराळाला बसण्याआधी मी दोन कामे केली. ‘रात्रपाळी’ सुधारली, नकलेतून काढायचे ते आता ती फेकून देत नाही, त्या त्या तारखेच्या कप्प्यात वेगळे ठेवते. आणि ‘फळा’ नावाची एक नवी स्क्रिप्ट लिहिली. काही पुसायचे असले की मी आता तिलाच सांगते. काय काय पुसले जाणार त्याची ती आधी यादी दाखवते, किती ते मोजून सांगते, होय-नाही विचारते, आणि होय म्हटले तरी पुसत नाही. बाजूला नेऊन ठेवते. सगळ्या मिळून अकरा ओळी. त्यांच्या माथ्यावर २००९ सालची ती रात्र दोन ओळींत लिहिलेली आहे.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर अशी एक टीप असते. परवा झाडायला बसले ते राहिले बाजूला आणि मी त्या टिपाच वाचीत बसले. शून्ये मांडणाऱ्या स्क्रिप्टवर लिहिले आहे: भावाच्या लग्नाची छायाचित्रे क्रमाने लागली नाहीत, आहेरानंतर सीमांतपूजन आले, आई दोन दिवस बोलली नाही. ‘निघताना’वर लिहिले आहे: तपासणीसाठी घातलेली ‘इथे काय घोळ आहे देव जाणे’ ही ओळ तशीच राहिली आणि गिऱ्हाइकाला दिसली. लोक समजतात की आम्ही आळसापोटी या छोट्या युक्त्या करतो, वेळ वाचावा म्हणून. आळस असतोच, लॅरी वॉल या नामांकित प्रोग्रामरने तर तो आमच्या तीन सद्गुणांत पहिला गणला आहे. पण माझा जुडगा मी नीट पाहिला, तर वेळ वाचवण्यासाठी केलेल्या किल्ल्या फार थोड्या निघाल्या. बहुतेकींच्या मागे एकेक फजिती उभी होती.

२०१८ साली अण्णा गेले. सगळी कार्डे त्यांच्या डोळ्यांदेखत उतरवून झाली होती. ‘रात्रपाळी’ अजून रोज दोन वाजता त्या फाइलींवरून हात फिरवते आणि नवे काही नाही, असे लिहून ठेवते. ती ओळ वाचायची मला सवय झाली आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी संध्याकाळी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. “मॅडम, माझ्या हातून सगळं पुसलं गेलं,” एवढेच ती म्हणाली. आठवड्याचे काम होते. त्यातले बरेचसे परत मिळाले, थोडे गेले. मी तिला कॉफी पाजली आणि ‘फळा’ देऊन टाकला. अण्णांची गोष्ट काही सांगितली नाही. ती वरच्या टिपेत होतीच.

परवा झाडता झाडता ‘फळ्या’ची कचेरीतली सामायिक प्रत सहज उघडून पाहिली. माझ्या दोन ओळींच्या खाली आणखी दोन ओळी होत्या. तिची तारीख, तिची चूक, मराठीत, लाजल्याशिवाय लिहिलेली. आणि त्याखाली तिसरी एक टीप होती, ज्याला मी ओळखतही नाही अशा कुणाची.

मग मी त्रेसष्टांपैकी एकही किल्ली टाकली नाही. मैत्रिणीला फोन करून तिच्या जुडग्याची चौकशी केली, आणि कढईतल्या चकल्या काय म्हणतात ते पाहायला उठले.